गोव्यात पोरांना घेऊन जुन्या व्हिडिओ गेम्सच्या आर्केडला जाताय? मग हे वाचून जा

दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीत आमच्या म्हापशाच्या घरी पाहुणे असतातच. कोल्हापूरची नणंद, तिचे मिस्टर, दोन भाचे, आणि कधीकधी सोबत आजोबा पण. पहिले दोन दिवस समुद्र, तिसऱ्या दिवशी मंगेशी आणि शांतादुर्गा, आणि चौथ्या दिवशी दुपारी पोरं उन्हाने लालबुंद, पाठीला हात लावू देत नाहीत, आणि एकच प्रश्न, "मामी, आता काय?" पावसाळ्यात आलात तर हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी येतो, कारण जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नसतं, लाल बावटे लावलेले असतात आणि लाईफगार्ड शिट्या मारत असतात.

तर या "आता काय"चं माझं उत्तर गेली काही वर्षं ठरलेलं आहे, आर्केड, म्हणजे पैसे देऊन खेळायच्या गेमच्या मशिन्सची जागा. पण नुसतं मॉलमधे नेऊन पैसे भरलेलं गेमचं कार्ड हातात देऊन सोडायचं नाही. मी सुरुवातीला तेच केलं, अर्ध्या तासात कार्ड रिकामं, पोरं चिडलेली आणि हातात एक प्लॅस्टिकची शिट्टी. तेव्हापासून माझी पद्धत एकच: जुन्या मशिनपैकी एक निवडायचं आणि त्याच्यावर तासभर ठिय्या मारायचा. हे कसं जमवायचं ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सांगते.

आधी हे समजून घ्या की काय शोधायचंय

आजकाल गेम झोनमधे जे दिसतं त्यातलं बरंचसं तिकिटांचं काम असतं. बास्केटबॉल टाका, हातोडी मारा, चाक फिरवा, तिकीटं घ्या, काऊंटरवर बक्षीस घ्या. त्यात काही वाईट नाही, लहानांना मजा येते. पण मी म्हणतेय ती मशिन्स वेगळी, उभा लाकडी डबा, मधे स्क्रीन, खाली एक दांडी आणि बहुतेकांवर काही बटणं. पॅक-मॅन, स्पेस इन्व्हेडर्स, स्ट्रीट फायटर, आणि आपला मुस्तफा. मुस्तफा म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यात चमक आली त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते की त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीने 1993 मधे काढलेला, पण आपल्याकडे कुणीच ते नाव घेतलं नाही, त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून अख्खा गेमच मुस्तफा झाला.

आमच्या लहानपणी म्हापशात मार्केटजवळ असं एक पार्लर होतं. मुली जायच्या नाहीत तिथे, मी दादाचा हात धरून जायचे आणि मागे उभी राहून बघायचे. एक रुपयाचा कॉइन. दादाची शेवटची लाईफ (खेळातला जीव) उरली की तो म्हणायचा, "ही तू खेळ," आणि मला स्टूलवर उभं करायचा. मला वाटतं मी त्या एका लाईफसाठीच जायचे. बोडगेश्वराच्या जत्रेत सुद्धा पाळण्याआधी आमची नजर गेमचा स्टॉल लागलाय का हे शोधायची.

शोधायचं कसं

गोव्यात एक गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्यांना माहीत नसते. इथे "गेमिंग" असं लिहिलेला बोर्ड दिसला की तो बहुतेक कॅसिनोचा असतो. मांडवीत उभ्या असलेल्या बोटी, मोठ्या हॉटेलांमधले हॉल, हे सगळं पैशाच्या जुगाराचं. तिथे 21 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. म्हणून मॅपवर शोधताना "गेमिंग" न टाकता "गेम झोन" किंवा "आर्केड" टाका, आणि जे येईल त्याचे फोटो बघा. फोटो फार महत्त्वाचे. लोकांनी टाकलेल्या फोटोत दांडी आणि बटणांची रांग दिसते का ते झूम करून बघा, आणि फोटो कधीचा आहे ते पण बघा, कारण मशिन्स येतात जातात, तीन वर्षांपूर्वी दिसलेलं मशिन आज गोडाऊनमधे असू शकतं.

सुरुवात मॉलपासून करा, पर्वरीला मॉल द गोवा आहे, पणजीत सांतिनेजला काकुलो मॉल आहे, आणि गेम झोन साधारण फूड कोर्टच्या आसपासच असतात. शिवाय तुम्ही ज्या रिसॉर्टला उतरलाय तिथे "गेम रूम" आहे का ते रिसेप्शनला विचारा, कॅरम आणि टेबल टेनिसच्या कोपऱ्यात एखादा जुना डबा उभा असतो आणि त्याचा कुणालाच पत्ता नसतो. कळंगुट-बागा पट्ट्यात काही कॅफे आणि बारवाले सजावट म्हणून असली मशिन्स ठेवतात, पण मुलांना घेऊन जाणार असाल तर दिवसा जा आणि आत शिरण्याआधी मुलं चालतात का ते विचारा.

मग फोन करा. हे टाळू नका, एका फोनने अर्धा दिवस वाचतो. तीन गोष्टी विचारा: दांडीवाली जुनी मशिन्स आहेत का, त्यातली आज चालू किती आहेत, आणि एका गेमला किती पडतात. मराठीत विचारा, बिनधास्त, इथे समजतं सगळ्यांना. कोकणीत "मशीन चालू आसा?" एवढं विचारलंत तर समोरचा माणूस जरा जास्तच मनापासून सांगेल.

"चालू किती" हे मुद्दाम सांगतेय. समुद्राच्या हवेत मशिन्स लवकर खराब होतात. बटणाच्या आणि दांडीच्या खाली छोटे छोटे स्विच असतात, टिक् टिक् आवाज येतो ना तो त्यांचाच, दमट खारट हवेने त्यांचे पत्रे गंजतात आणि मग बटण दाबलं तरी लागत नाही किंवा दाबलेलंच राहतं. किनाऱ्यालगतच्या उघड्या जागेत ठेवलेलं मशिन आणि मॉलच्या एसीतलं मशिन यात म्हणूनच फरक पडतो.

कधी जायचं आणि कसं जायचं

सोमवार ते गुरुवार, दुपारी. गोव्यात एक ते चार बाजार झोपलेला असतो, दुकानं बंद, रस्ते शांत, उन्हात बाहेर फिरण्यात अर्थ नाही, पण मॉल चालू असतात. त्या वेळी गेम झोनमधे तुम्ही आणि तिथला पोऱ्या, बस. रविवारी संध्याकाळी गेलात तर वाढदिवसाच्या पार्ट्या असतात, एका मशिनमागे सहा पोरं, आणि मी सांगतेय तसं निवांत खेळणं अजिबात जमणार नाही.

गाडी असेल तर प्रश्न नाही. बसने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, पणजी-म्हापसा कदंबाची (गोव्याची सरकारी बस) जी नॉनस्टॉप शटल आहे (बसायच्या आधी खिडकीवर तिकीट घ्यावं लागतं ती) ती मधे थांबत नाही, त्यामुळे पर्वरीला उतरायचं असेल तर साधी बस पकडा. पर्वरीच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघा. पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकल, ती एकट्यासाठी ठीक, चार जणांच्या फॅमिलीला कामाची नाही.

आणि कृपा करून थेट बीचवरून येऊ नका. ओले कपडे, हाताला वाळू, ओल्या बोटांनी विजेच्या मशिनला हात, हे बरोबर नाही, आणि ती वाळू दांडीच्या फटीत जाऊन बसते. घरी जा, आंघोळ करा, जेवा, मग निघा. मुलांना एक पातळ जॅकेट घ्या कारण एसी जोरात असतो. मोजे पण असू द्या, शेजारी ट्रॅम्पोलिन वगैरे असलं तर मोज्यांशिवाय सोडत नाहीत आणि तिथे मोजे दुप्पट भावात घ्यावे लागतात.

अजून एक, ही गोष्ट गंभीर आहे. घरात कुणाला फिटचा त्रास असेल, विशेषतः लखलखत्या लाईटने होणारा, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आर्केडला नेऊ नका. आणि अगदी तान्ह्या बाळाला त्या आवाजात तासभर ठेवू नका, आजीसोबत बाहेर फूड कोर्टला बसवा.

पैशांचं

बहुतेक ठिकाणी आता कॉइन नाही, कार्ड असतं. कार्ड बनवायचे वेगळे पैसे घेतात का, ते परत मिळतात का, उरलेला बॅलन्स किती दिवस चालतो, हे काऊंटरवर कार्ड घ्यायच्या आधी विचारा. "अमुक भरा, तमुक जास्त मिळवा" अशी ऑफर असतेच, आणि तुम्ही सुट्टीवर आलाय, परवा निघणार, तर त्या जास्तीच्या बॅलन्सचं काय करणार? थोडं भरा. संपलं तर परत भरता येतं, उरलं तर परत मिळत नाही.

फॅमिलीत एकच कार्ड ठेवा आणि ते मोठ्या माणसाकडे ठेवा. मी असं सांगते, "आपल्याकडे वीस गेम आहेत," रुपये सांगतच नाही. पोरं मग स्वतःच हिशोब करतात, माझे सहा झाले, तुझे चार, आजोबांचे दोन राहिलेत. दोघं मिळून खेळायचं असेल तर बहुतेक मशिनवर कार्ड दोनदा लावावं लागतं, हे पण मोजा.

खेळणी उचलायचा तो पंजा असतो ना काचेच्या पेटीतला, त्याच्याबद्दल मुलांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा. त्या पंजाची पकड किती घट्ट ठेवायची हे मशिन चालवणारा सेट करू शकतो, म्हणजे तुम्ही कितीही नेम धरला तरी पंजा सैल असेल तर अस्वल सुटणारच. आमच्या धाकट्या भाच्याने त्याच्यात पाच गेम घालवले आणि रडला. आता आमच्याकडे नियम आहे, पंजा फक्त एकदा, आणि तोही सगळ्यात शेवटी.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काही खेळायचं नाही

हे पोरांना पटत नाही पण करायचंच. एक पूर्ण चक्कर मारा. कुणी खेळत नसताना मशिन आपोआप स्वतःचा डेमो दाखवत असतं, तो उभं राहून बघा, त्यात खेळ काय आहे ते निम्मं कळतं. मग दांडी चारी बाजूंना हलवून बघा, प्रत्येक बटण दाबून वर येतंय का बघा. एखादं बटण खाली अडकलेलं दिसलं किंवा दांडी एका बाजूला पडलेली वाटली तर त्या मशिनवर कार्ड लावू नका. मी एकदा न बघता लावलं, उडी मारायचं बटणच मेलेलं, पहिल्या खड्ड्यात तीन लाईफ गेल्या. त्यांना जाऊन सांगितलं तर म्हणाले खेळ सुरू झाला म्हणजे पैसे गेले. म्हणून आधी बघणं बरं. पण कार्ड लागलं आणि गेम सुरूच झाला नाही असं झालं तर गप्प बसू नका, तिथल्या पोऱ्याला बोलवा, तो किल्लीने उघडून क्रेडिट टाकून देतो.

एखाद्या डब्यात एकच गेम न निघता शेकड्यांनी गेमची यादी निघते, हे नवीन बनवलेले डबे. ते वाईट नाहीत, पण पोरं यादीत हरवतात, एक सुरू करतात, मरतात, दुसरा काढतात. तिथे मोठ्या माणसाने ठरवायचं, आज हा एकच.

कुणाला कुठल्या मशिनवर उभं करायचं

इथे जरा सविस्तर लिहिते कारण खरी मजा इथे आहे.

आजी-आजोबा आणि पाच-सहा वर्षांची पोरं: पॅक-मॅन. 1980 मधे जपानच्या नामको कंपनीने काढला, पिवळा गोळा फिरवत ठिपके खायचे आणि भुतांपासून पळायचं, आणि खेळताना बटण लागतच नाही, फक्त दांडी, वर खाली डावीकडे उजवीकडे. त्यामुळे कुणालाच भीती वाटत नाही. नवख्यांना दोन गोष्टी सांगा. एक, वळण यायच्या आधीच दांडी त्या दिशेला दाबून धरायची, म्हणजे कोपरा पटकन कापला जातो आणि भुतं थोडी मागे पडतात. दोन, डाव्या-उजव्या कडेला जो बोगदा आहे त्यात भुतं हळू होतात, आपण होत नाही, म्हणून मागे लागली की बोगद्यात शिरायचं. आणि चार कोपऱ्यातले मोठे ठिपके, जे खाल्ले की भुतं थोडा वेळ निळी होतात आणि आपण त्यांना खाऊ शकतो, ते वाट्टेल तेव्हा खायचे नाहीत. भुतं जवळ येईपर्यंत थांबायचं आणि मग खायचं, कारण निळी झालेली भुतं एकामागून एक खाल्ली तर 200, 400, 800, 1600 असे पॉइंट दुप्पट होत जातात.

चारही भुतांचा स्वभाव वेगळा आहे हे मुलांना सांगितलं की ती एकदम लक्ष देऊन बघायला लागतात. लाल थेट मागे लागतो. गुलाबी तुमच्या पुढची जागा धरून अडवायला येतो. केशरी दुरून येतो आणि फार जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे पळतो. माझी पुतणी सात वर्षांची, तिने तिसऱ्याच गेमला सांगितलं, "काकू, केशरीला घाबरायचं नाही, तो येडा आहे."

आजोबांचं म्हणाल तर आमच्याकडे त्यांना स्पेस इन्व्हेडर्स लागू पडला. 1978 चा, ताइतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. पाच रांगा, अकरा-अकराच्या, एकूण 55 राक्षस, हळूहळू खाली सरकत येतात. जसे मरत जातात तसे उरलेले वेगाने पळायला लागतात, आणि यामागची गोष्ट अशी की तेव्हाच्या मशिनला एवढे सगळे एकदम हलवताना दम लागायचा, कमी उरले की ते आपोआप वेगात हलायचे, आणि निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. आजोबांना मी एकच सांगितलं, मधले मारू नका, आधी एका कडेची उभी रांग पूर्ण संपवा, म्हणजे ती फौज अरुंद होते आणि कडेला टेकून खाली उतरायला तिला जास्त वेळ लागतो. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. चष्मा वर केला, कडेपासून सुरू केलं, आणि पुढे पाऊण तास आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही.

आठ ते बारा वर्षं आणि सोबत बाबा किंवा मामा: मुस्तफा मिळाला तर दुसरं काही बघू नका. कारण यात एकमेकांशी लढायचं नसतं, बरोबर लढायचं असतं. एक बटण मारायचं, एक उडीचं, दोन्ही एकदम दाबली की गोल फिरून सगळ्यांना उडवणारा फटका, पण तो लागला की आपलीच थोडी एनर्जी जाते, म्हणून घेरले गेलो तरच. दांडी एका दिशेला पटपट दोनदा ढकलली की धावतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मुस्तफाच द्या, चपळ आहे, धावत जाऊन मारलेली लाथ जोरात बसते. आणि एक शिस्त आधी ठरवा, वाटेत खाणं पडलेलं मिळतं, ज्याची एनर्जी कमी त्याने ते उचलायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी मोठ्या भाच्याने सगळं खाल्लं आणि धाकटा मेला, मग दोघं बोलेनात. दुसऱ्या दिवशी मोठा ओरडत होता, "ये ये, चिकन आहे, तू खा!" मी मागे उभी होते, माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच, दादाची आठवण आली.

दोन भावंडांना आमनेसामने करायचं असेल तर स्ट्रीट फायटर टू, 1991 चा. सहा बटणं बघून नवखा गांगरतो, पण सोपं आहे, वरची तीन हाताची, खालची तीन पायाची, डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. यात आधी आपला लढवय्या निवडायचा असतो, लहान भावंडाला ब्लांका किंवा होंडा द्या, हाताचं एकच बटण पटापट दाबत राहिलं की ब्लांकाच्या अंगातून करंट निघतो आणि होंडाचे हात मशिनगनसारखे चालतात, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यालाही लगेच काहीतरी जमतं. चुन-लीची लाथ पण तशीच, फक्त पायाचं बटण. मोठ्याला रियू द्या आणि त्याला आडुकेन शिकवा.

आडुकेन म्हणजे हादोकेन, हातातून निळा गोळा सोडायचा रियूचा डाव, आम्ही आडुकेनच म्हणायचो. शिकवायची पद्धत सांगते कारण बरेच जण चुकीचं शिकवतात. दांडी मुठीत गच्च धरायची नाही. अंगठा आणि दोन बोटांत गोटी धरल्यासारखी हलकी. मग खाली, तिथून न सोडता तिरकी खाली-पुढे, मग पुढे, आणि पुढे पोहोचताक्षणी हाताचं बटण. तीन झटके नाहीत, एक वळण आहे, चपातीच्या कडेवरून बोट फिरवल्यासारखं. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून चार-पाच वेळा नुसतं फिरवून घ्या, बटण न दाबता. स्विचचा आवाज ऐका, टिक-टिक-टिक असा एकसंध आला की हात बसला. मग बटण. भाच्याला बाविसाव्या की तेविसाव्या वेळी निघाला, निळा गोळा हातातून सुटला आणि तो मशिन सोडून माझ्याकडेच बघत राहिला, तोपर्यंत समोरच्याने त्याला पाडलंसुद्धा. आणि मार चुकवायला दांडी मागे धरायची, हे सगळ्यात आधी शिकवा, नाहीतर पोरं फक्त मारत सुटतात.

गाडीच्या मशिनवर चार-पाच वर्षांच्या मुलाचा पाय ॲक्सिलरेटरला पोचत नाही. त्याला मांडीवर घ्या, स्टिअरिंग त्याचं, पाय तुमचा, गिअर ऑटोमॅटिक. त्याला वाटतं सगळं तोच चालवतोय.

बंदुकीच्या मशिनचं बघून घ्या, काहींमधे भुतंप्रेतं आणि रक्त फार असतं, लहान मुलं रात्री झोपत नाहीत. शंका असेल तर आधी डेमो बघा.

एका मशिनवर तासभर म्हणजे नक्की कसं

वीस गेममधले बारा तरी एकाच मशिनवर घालवा. पाळी लावा, एक मेला की पुढचा. जो खेळत नाही त्याने मागे उभं राहून बघायचं, मोबाईल खिशात. पहिले तीन गेम भराभर संपतात आणि पोरं म्हणतात हे बोअर आहे, दुसरीकडे जाऊ. तिथेच थांबायचं असतं. ही मशिन्स बनवलीच अशी आहेत की नवखा दोन-तीन मिनिटांत मरावा आणि पुढचा कॉइन टाकावा, पण ज्याला कळत जातं त्याला ते मशिन एका कॉइनमधे जास्त जास्त वेळ देतं. तिकिटाच्या मशिनवर तुम्ही दहाव्या वेळी तेवढेच असता जेवढे पहिल्या वेळी. इथे चौथ्या-पाचव्या गेमला काहीतरी उलगडतं, अरे हा इथूनच येतो, आणि तिथून पुढे पोरं तुम्हाला ओढून नेऊ देत नाहीत.

मेल्यावर "कंटिन्यू?" (परत पैसे देऊन तिथूनच पुढे खेळायचं का) म्हणून उलटे आकडे सुरू होतात तेव्हा घाईने कार्ड लावायची सवय लावू नका. त्या दहा सेकंदांत विचारा, कुठे चुकलं? मग नवीन गेम पहिल्यापासून. बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसमोर असाल तर गोष्ट वेगळी, तिथे एखादा कंटिन्यू मी देते.

मागे अनोळखी मूल येऊन उभं राहिलं तर आपला गेम संपल्यावर जागा द्या. विचारा त्याला, खेळतोस का बरोबर? आमचे भाचे असेच एका मडगावच्या मुलासोबत मुस्तफा खेळले, तो कोकणीत बोलत होता, हे कोल्हापुरीत, आणि दोघांना सगळं समजत होतं. मशिनवर कोल्ड्रिंकचा ग्लास ठेवू नका, हरलं म्हणून बटणावर मूठ मारू नका. आणि तिथल्या पोऱ्याशी बोला जरा, त्याला कुठलं मशिन आज नीट चालतंय ते माहीत असतं, निघताना "देव बरें करूं" (कोकणीत धन्यवाद) म्हणा.

निघताना

तास-दीड तास पुरे. शेवटचा गेम कुणाचा ते आधी ठरवा आणि तो सगळ्यांनी मागे उभं राहून बघा. मग ठरल्याप्रमाणे एकदा पंजा, हात साबणाने स्वच्छ धुवा, आणि संध्याकाळ झाली असेल तर रस ऑम्लेटच्या (रश्श्यातलं ऑम्लेट) गाड्या लागलेल्या असतात, पाव बुडवून खाताना पोरं हवेत आडुकेन मारून दाखवत असतात.

एक विसरू नका. कुणी हाय स्कोअर केला तर मशिन तीन अक्षरं टाकायला सांगतं, दांडीने एकेक अक्षर फिरवून निवडायचं असतं, वेळ कमी असतो, म्हणून मुलांनी आपली तीन अक्षरं घरूनच ठरवून यावी. आणि ती टाकून झाली की लगेच त्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, शक्यतो मुलाला शेजारी उभं करून. बऱ्याच जुन्या मशिन्समधे हे आकडे साठवले जात नाहीत, रात्री मॉल बंद होताना मेन स्विच पाडला की नावं पुसली जातात आणि सकाळी परत कंपनीची अक्षरं येतात. दादाने एकदा मुस्तफात पहिला नंबर काढला होता, दुसऱ्या दिवशी मला दाखवायला घेऊन गेला तर नाव नव्हतं. तेव्हा कुणाकडे कॅमेरा नव्हता.